परतीचा शिक्का आणि अधिक महिना

सोइ-खिमचं दुकान शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत शिरलं की खारवलेल्या मोहरीच्या पाल्याचा वास यायचा, आणि तो वास जिथे नाकाला झोंबायला लागे तिथे म्हातारी बसलेली असायची. मागे कमरेएवढ्या रांजणांची रांग, रांजणांवर लाकडी झाकणं, झाकणांवर नदीतले गोटे. सकाळच्या पेजेबरोबर तिच्याकडचा पाला नसला तर नदीच्या थाई काठावरच्या मुकदाहानमधली अर्धी चिनी घरं तोंड वाकडं करून जेवायची.

बाई फटकळ. गिऱ्हाइकानं पाला हुंगून पाहिला की म्हणायची, "नाकानं खाणार का? मग पैसेही नाकानंच दे." पण तोलताना हात सैल. नवऱ्याच्या पश्चात तिनं दुकान एकटीनं चालवलं, मुलगा वाढवला, त्याचं लग्न लावलं, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली. सगळं गाव तिला आमा म्हणायचं, म्हणजे आजी. सत्तरीला टेकली होती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

आता हिच्याबद्दल सांगण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. सांगण्यासारखं एवढंच, की ह्या गावात उभा जन्म काढलेली ही बाई कागदावर परदेशी होती. चीनच्या किनाऱ्यावरच्या स्वाताऊ बंदरातून बाप तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला बोटीवर घालून घेऊन आला, तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. मुलगा वोरावुत इथे जन्मला म्हणून इथला. सून लामदुआन इथली, नातवंडं इथली, दुकानातलं मांजर इथलं. परदेशी काय ती आमा. नागरिक होण्याचा अर्ज एकदा करणार होती, पण नवरा म्हणाला, "राहायचा दाखला कायमचा आहे ना? मग उगाच कचेऱ्यांचे उंबरे कशाला झिजवायचे?" नवरा सुटला, उंबरे झिजवायचे हिच्या नशिबी राहिले.

कारण त्या कायमच्या दाखल्यात एक मेख होती. कायमचा म्हणजे तुम्ही देशात आहात तोवर कायमचा. बाहेर पाऊल टाकायचं तर आधी बँकॉकला जाऊन परतीचा शिक्का घ्यायचा. शिक्का वर्षभर चालतो. त्या वर्षात कितीदाही जा, कितीदाही या. पण बिनशिक्क्याचे बाहेर गेलात, किंवा बाहेर असताना शिक्क्याची मुदत संपली, तर कायमचा दाखला तिथल्या तिथे मेला. मग तुम्ही इथे जन्म काढलेले असा नाहीतर काल उतरलेले असा, सरकारला दोन्ही सारखंच.

मग बाहेर जायचंच कशाला, असं शहाणी माणसं म्हणतील. म्हणोत बापडी. नदीच्या पलीकडे सोइ-खिमची थोरली बहीण होती.

सोइ-लांग तिचं नाव. ही तिला चे म्हणायची, म्हणजे ताई. चे लग्न होऊन पलीकडे, लाओ मुलखात, सावन्नखेतला गेली तेव्हा नदी ओलांडणं म्हणजे गल्ली ओलांडण्यासारखं होतं. सकाळी होडीनं जायचं, जेवायचं, दुपारी परत. पुढे तिकडे राज्य बदललं, नदी बंद झाली आणि कितीतरी वर्षं बंदच राहिली. चेची मुलं तेवढ्यात फ्रान्सला पळाली. नवऱ्यानं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान सोडायला नकार दिला. मग दुकानही गेलं आणि नवराही गेला. चे राहिली, एक सांभाळणारी बाई राहिली, आणि रिकाम्या खणांचं औषधाचं कपाट राहिलं. चेचे कागदही परक्याचेच, तिला इकडे यायची सोय नाही. नदी पुन्हा उघडली तेव्हा यायचं-जायचं ते धाकटीनं, हे न बोलता ठरलं.

आणि मजा बघा. आमच्या गावात कुणीही उठतो, धक्क्यावर ओळखपत्र दाखवतो, पलीकडे जाऊन दोन कोंबड्या घेऊन येतो. लामदुआन तर पलीकडच्या मावसबहिणीकडे नुसत्या गप्पा हाणायला जायची. जिची सख्खी बहीण समोरच्या काठावर, तिलाच तेवढी आधी बँकॉकची वारी. पूल व्हायच्या आधीचे ते दिवस, आणि बँकॉकचा रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी. म्हातारी गुडघ्यांना मलम चोळून, पोटाशी पिशवी धरून बसमध्ये बसायची. लाईनीत उभी राहायची, शिक्का घ्यायची आणि लगेच उलट्या पावली परत यायची. राजधानीतली ती एक लाईन सोडली तर तिनं तिथलं काही पाहिलं नाही.

तिचा क्रम ठरलेला. बाराव्या महिन्यात, नव्या वर्षाची झाडलोट निघायच्या आत, पाल्याची बरणी घेऊन चेकडे जायचं, चार दिवस राहायचं, यायचं. मग नवं वर्ष. पहिल्या महिन्याच्या नवमीची स्वर्गातल्या देवाची पूजा आटोपली की बाई बसमध्ये, आणि दशमीला कचेरीच्या दारात. शिक्का मिळाला की पुढच्या दशमीपर्यंत निर्धास्त.

हे बारावा महिना, पहिला महिना, नवमी, दशमी, सगळं तिच्या भिंतीवरच्या फाडायच्या पंचांगातलं. रोज एक पान फाडायचं. पानावर सरकारी तारीख मोठ्या आकड्यात, खाली आपली तिथी चिनी अक्षरांत. मोठ्या आकड्याकडे बाईनं कधी ढुंकून पाहिलं नाही. रांजणातलं मिठाचं पाणी कधी बदलायचं, बापाचं श्राद्ध कधी, नातवाचे केस कधी कापायचे, सारं तिथीवर. शिक्क्यावरची थाई अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आणि वाचायची गरजही वाटत नव्हती. दशमीला घेतला तो दशमीला संपणार, ह्यात वाचायचं काय? वोरावुत एखादे वेळी म्हणायचा, "मा, मुदत बघून ठेवू का?" की ही म्हणायची, "तू आधी स्वतःच्या सदऱ्याची बटणं बघ. एक कधीचं तुटलंय."

ज्या वर्षी घोटाळा झाला त्या वर्षी आठवा महिना दोनदा आला. अधिक महिना काही नवा नाही, दोन-तीन वर्षांनी यायचाच. पण अधिक आठवा वाईट, असं आमच्या चिनी गल्लीत म्हणतात. सोइ-खिमनं दाराला लाल कागद चिकटवला आणि विसरून गेली. तेरा महिन्यांचं वर्ष झालं, म्हणजे तिची दशमी त्या खेपेला जवळजवळ तीन आठवडे उशिरा येणार होती. सरकारचा शिक्का मात्र त्याच्या वेळेला संपणार होता, तो कुणाच्या दशमीची वाट बघत नाही. आधीही अधिक महिने आले होते, पण तेव्हा शिक्का संपला तो ती दुकानात बसून पाला तोलत असताना. घरात बसलेल्याला शिक्क्याचं काय? तिला पत्ताही लागला नाही, आणि म्हणूनच तिचा हिशेब कधी चुकतो हे तिला कुणी दाखवून दिलं नाही.

बारावा महिना लागला आणि पलीकडून निरोप आला. चेचं एक अंग गेलं होतं.

सोइ-खिम दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन होडीत बसली. चे खाटेवर पडलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द अडखळत होते. पण शब्द तेच.

"आलीस? मला वाटलं मेल्यावर येशील."

"मेल्यावर येऊन काय करू? भांडू कुणाशी?"

"पाला आणलास?"

"आणलाय."

"खारट असेल. तुझा हात मिठाला सैल. आईचा तसा नव्हता."

"आईचा तू खाल्लास पोटभर. मला काय आठवतोय?"

सोइ-खिमनं पाला खारट आहे का ते पेजेबरोबर तिला भरवून दाखवलं. चेनं तोंड वाकडं केलं आणि वाटी संपवली. मग तिला पुसणं, कूस बदलणं, पाठीला तेल लावणं, चार दिवसांचे आठ झाले, आठाचा पंधरवडा झाला. सांभाळणारी बाई चांगली होती, पण चे तिच्या हातून घास घेईना. आपण निघालो तर ही जेवायची नाही, हे सोइ-खिमला दिसत होतं, आणि दोन म्हाताऱ्यांपैकी एकीनं दुसरीला उचलायचं म्हणजे काय ते तिच्या कंबरेला कळत होतं. इतकी थकली की बसल्या जागी डोळा लागायचा.

मधे एकदा लामदुआन कपडे घेऊन आली. सासूचं खंगलेलं तोंड बघून म्हणाली, "मा, चला आता घरी. आणि तो शिक्का? आहे ना अजून?"

सोइ-खिमनं चेच्या भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं, बोटांवर मोजलं. "दशमीपर्यंत आहे. अजून नवं वर्षसुद्धा लागलं नाही."

लामदुआन इथली, लाओ बोलणाऱ्या घरातली. तिला तिथ्यांतलं काही कळत नव्हतं. आणि सासूचा हिशेब चुकेल असं तर त्या घरात मांजरालाही वाटलं नसतं. ती निर्धास्त परत गेली. शिक्क्याची मुदत त्याच आठवड्यात संपली. त्या दुपारी सोइ-खिम बहिणीची नखं कापत होती.

बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी चुलीचा देव घरचा अहवाल घेऊन स्वर्गात जातो. त्याच्या तोंडाला गोड चिकट लावून पाठवला नाही तर वर जाऊन वाट्टेल ते सांगतो. एवढ्यासाठी तरी घरी जायलाच हवं होतं.

"जा," चे म्हणाली. "परत कधी?"

"नवमीची पूजा झाली, शिक्का घेतला, की आलेच."

"शिक्का, शिक्का. उभा जन्म शिक्क्यात गेला तुझा."

"तुझ्याच पायी गेला."

चे हसली. एका बाजूनं हसली, पण हसली.

मुकदाहानच्या धक्क्यावर खिडकीत थावोन होता. सोइ-खिमच्या दुकानातला पाला खाऊन वाढलेला पोरगा, आता सरकारी टोपी घालून बसायचा. त्यानं दाखल्याची पुस्तिका उघडली, पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं आणि उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती.

"आमा, बसा जरा."

"बसायला वेळ नाही. चुलीचा देव खोळंबलाय."

"शिक्का संपलाय, आमा."

"दशमीला संपतो."

"चार दिवसांपूर्वी संपला."

"अरे बाळा, तुझ्या आईला विचार दशमी कधी ते. अजून बारावा महिना चाललाय."

"सरकारचा दुसरा चाललाय."

"यंदा अधिक महिना होता. सरकारला कुणी सांगितलं नाही का?"

मागे लाईनीत कुणीतरी खुदकन हसलं. थावोन हसला नाही. "सरकारच्या वर्षात अधिक महिना नसतो, आमा," तो म्हणाला, आणि बोटानं ती तारीख तिला दाखवली, जशी काही तिला ती वाचताच येत होती.

सोइ-खिमनं रिकामी बरणी खाली ठेवली आणि बाकावर बसली. आपला हिशेब आणि त्यांचा हिशेब दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकी साधी गोष्ट तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती आणि तिनंही कधी विचारली नव्हती. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की तिला जोर यायचा. इथे नुसता थकवा आला, पायांतून वर चढत गेला. दुकानाची गल्ली धक्क्यावरून दिसत होती. वासही येत होता.

"आता काय करतोस? परत पाठवतोस?"

"पाठवून कुठे पाठवू? पलीकडची मुदतही भरलीय तुमची." थावोन पुन्हा आत गेला, साहेबाशी बराच वेळ बोलला. चीनचा पासपोर्ट होता तिच्याकडे, सहाव्या वर्षी सोडलेल्या देशाचा. त्यावर त्यांनी थोड्या दिवसांचा प्रवेश दिला.

"पाहुणी म्हणून," थावोन म्हणाला. त्याला ते म्हणताना लाज वाटली असावी, कारण तो पुस्तिकेकडेच बघत होता.

"कुणाची पाहुणी?"

"देशाची."

"माझ्या घरात मी पाहुणी."

"कागदावर, आमा. फक्त कागदावर."

"मग बाकी कशावर असतं रे माणूस?" असं म्हणून तिनं बरणी उचलली.

घरी चुलीच्या देवाला गोड लावलं, त्याच्या चित्राचा कागद जाळून त्याला वर पाठवलं, मग तिनं मुलाला सांगितलं. वोरावुतनं कपाळावर हात मारून घेतला. "मी बघायला हवं होतं मा. माझंच चुकलं. डोळे आहेत का बटणं आहेत ही."

"तू कशाला बघशील? दशमी माझी, शिक्का माझा."

"आपण बँकॉकला जाऊ. त्यांना समजावून सांगू. माणसंच आहेत ना?"

गेले. कचेरीतली चष्मेवाली बाई सोइ-खिमला चेहऱ्यानं ओळखत होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अधिक महिन्याचंही ऐकून घेतलं. तिची आजीही पंचांग बघायची म्हणे. पण जुना दाखला पुन्हा जिवंत होत नाही, तिनं सांगितलं. त्याला इलाज नाही. नवा अर्ज करता येईल. मुलगा नागरिक आहे, त्याची आई म्हणून करा. वर्ष लागेल, दोन लागतील, जास्तही लागतील. मग तिनं कोरा कागद पुढे ओढला.

"देशात पहिल्यांदा कधी आलात?"

"लहान होते. बोटीनं आलो. बाप होता, आई होती, बहीण होती. आई वाटेत आजारी पडली."

"ते नाही धरता येत, आमा. ते पुस्तक बंद झालं." बाईनं पासपोर्ट उघडला. "आता जो प्रवेश झाला तो धरायचा. गेल्या महिन्यातला."

"म्हणजे मी गेल्या महिन्यात आले."

 बाईनं तारीख लिहिली. वोरावुत खिडकीबाहेर बघत होता. त्याचं वय पस्तीस होतं, आणि त्याची आई ह्या देशात गेल्या महिन्यात आली होती. लिहिणाऱ्या हाताचं काय चुकलं? काही नाही. हीच तर चीड येते. कुणाचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी म्हातारीचा जन्म पुसला गेला.

गावात सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, वकील करा. कुणी म्हणालं, देवळात नवस बोला. कुणी म्हणालं, इतकी वर्षं राहून चार अक्षरं शिकायला काय झालं होतं? सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं? सोइ-खिम मान डोलवायची आणि पाला तोलायची. फटकळपणा कमी झाला होता. गिऱ्हाइकानं पाला हुंगला तरी काही म्हणायची नाही, आणि गिऱ्हाइकांना तेच खटकायचं.

पाहुणीला मात्र एक नवा नियम लागू झाला. अर्ज तिकडे पडलेला, इकडे पाहुणी म्हणून राहायची मुदत संपत आली की देशाबाहेर जायचं, आपल्याच सरकारच्या पलीकडच्या कचेरीतून नवी परवानगी घ्यायची आणि पुन्हा आत यायचं. दर दोन-तीन महिन्यांनी. आता बघा हा उफराटा न्याय. आधी बाहेर गेलीस तर घर जाईल म्हणत होते, आता बाहेर गेली नाहीस तर घर जाईल म्हणू लागले. वर्षातून एकदा बहिणीला भेटायला जिनं गुडघे फोडून घेतले, तिला सरकारच आता होडीत बसवू लागलं.

चेला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की सांभाळणाऱ्या बाईला तिची पाठ चोळावी लागली.

"सरकारनं जन्मात एक काम बरं केलं," ती म्हणाली. "आधीच शिक्का बुडवायचास ना."

"तुझ्यासाठी घर बुडवायला हवं होतं का?"

"बुडलं कुठे? आहे की तिथेच. वास येतोय इथपर्यंत."

आणि खरं सांगायचं तर त्या वर्षात दोघी बहिणी जेवढ्या एकमेकींजवळ राहिल्या तेवढ्या लग्नानंतर कधी राहिल्या नव्हत्या. सोइ-खिम कचेरीचं काम उरकायची आणि उरलेले दिवस चेच्या खाटेशी काढायची. बाप कसा घोरायचा, आईनं बोटीवर कुठलं गाणं म्हटलं होतं, मोहरीच्या पाल्यात आई गूळ घालायची की नाही, ह्यावर दोघींचं एकमत कधी झालं नाही. सोइ-खिमचं अंग मोडून यायचं. येताना थकलेली, जाताना थकलेली. पण एकदा लामदुआनला ती म्हणाली, "दाखला गेला ते वाईट झालं. चे मिळाली ते चांगलं झालं. दोन्ही एकाच चुकीनं झालं, आता शिव्या कुणाला देऊ?"

दुसऱ्या वर्षी, पुन्हा ऊन तापायला लागलं तेव्हा चे गेली. सोइ-खिम जवळच होती. पेजेचा घास घेतला, गिळला नाही. फ्रान्सहून मुलं आली ती माती उरकून तीन दिवसांत परत गेली. घर भाड्याचं, ते मालकानं ताब्यात घेतलं. सांभाळणारी बाई आपल्या गावी गेली. औषधाचं कपाट कुणीतरी उचलून नेलं. सोइ-खिम पंधरा दिवस दुकानात बसली नाही. मग बसली.

अर्जाचं काही कळलं नव्हतं. चौकशी केली की उत्तर यायचं, विचाराधीन आहे.

मुदत पुन्हा भरत आली. आता शिक्क्यावरची तारीख वोरावुत डोळ्यांत तेल घालून बघायचा, भिंतीवरच्या पानातल्या मोठ्या आकड्याभोवती लाल शाईनं गोल करायचा. "मा, उद्या जायला हवं," तो म्हणाला. "मी येतो बरोबर." ती म्हणाली, "दुकान कोण बघेल? लामदुआनला पाला काढता येत नाही. मी जाते."

ती गेली. पलीकडच्या कचेरीत कागद दिला. "उद्या या," म्हणाले. ती बाहेर आली आणि सवयीनं चेच्या गल्लीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत थांबली. तिथे आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते. ती परत फिरली, धक्क्याजवळ एक खानावळ होती तिच्या वरच्या खोलीत राहिली, भात मागवला आणि दोन घास खाऊन ठेवला. खानावळवाली म्हणाली, "आवडलं नाही का?" ती म्हणाली, "भूक नाही." दुसऱ्या दिवशी कागद घेतला आणि पहिल्या होडीनं निघाली. हातात ना बरणी होती, ना पिशवी. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच ती ह्या नदीवरून कुणाकडे न जाता जाऊन आली होती.

थावोनची बदली झाली होती. खिडकीत नवा पोरगा होता, लांबच्या प्रांतातला. त्यानं कागद पाहिले, म्हातारीकडे पाहिलं. थकलेलं माणूस दिसलं की काही माणसं उगाच गोड बोलायला लागतात, तसा तो म्हणाला, "एवढ्या वयात एकट्याच? कुणाकडे गेला होता, आमा?"

"कुणाकडे नाही."

"फिरायला?"

"नाही."

"मग कशाला गेला होता?"

"परत यायला," सोइ-खिम म्हणाली.

म्हातारी थट्टा करतेय असं त्याला वाटलं. तो हसला आणि त्यानं शिक्का मारला. तिनं कागद घेतले आणि ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गल्लीकडे गेली.